चिंचोक्यांची ओळ

चाळिशी गाठेपर्यंत कमलम्माला स्वतःची म्हणावी अशी एक भिंत मिळाली नव्हती. लग्न होऊन ती लातूरला आली ती थेट भुसार मालाच्या एका गोदामात. नवरा रेवणसिद्ध तिथला रखवालदार, आणि गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात तुरीच्या पोत्यांचा आडोसा करून त्यांचा संसार मांडलेला. माल चढला की भिंत उंच व्हायची, माल विकला की भिंतच गाडीत बसून गिऱ्हाइकाकडे जायची. एकदा तर चुलीवर कालवण उकळत असताना हमालांनी भिंत उचलून नेली आणि कमलम्मा सगळ्या बाजारासमोर पळी हातात घेऊन बसलेली! अशा भिंतीला खिळा कुठं ठोकायचा आणि देवाचा फोटो कुठं टांगायचा? एकुलती एक मुलगी तिथंच वाढली आणि तिथूनच निलंग्याला सासरी गेली.

मग लातूर जिल्हा झाला. मिरवणुका निघाल्या, पेढे वाटले गेले, आणि पाठोपाठ गावाबाहेर कचेऱ्यांच्या इमारती उठू लागल्या. पाऊस तेवढा जिल्ह्याबरोबर आला नाही. एक साल हुकलं, दुसरंही हुकलं, विहिरी तळाला गेल्या आणि लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायला शिकले. रेवणसिद्ध एका कचेरीच्या बांधकामावर पहारेकरी लागला. नवरा-बायकोनं इतकी वर्षं पोटाला चिमटा घेऊन जे साठवलं होतं, त्यातून नव्या वसाहतीत दोन खोल्या उभ्या केल्या. कालपरवापर्यंत तिथं ज्वारी डोलत होती. आता काळी जमीन उन्हानं अशी फाटली होती की पायातली वहाण भेगेत जाई. पण घराला चार भिंती होत्या, आणि त्यातली एकही कुणी गाडीत भरून नेणार नव्हतं.

पैशाशिवाय घर सजत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी कमलम्माला पाहिलेलं नसतं. बाई पदर खोचून जी कामाला लागली ती थांबायचं नावच घेईना. रंगाऱ्यांनी फेकून दिलेल्या डब्यांच्या तळाशी चार बोटं रंग उरलेला असे. तो मुकादमाला विचारून रेवणसिद्ध घरी आणी. फुटक्या शहाबादी फरशीचे तुकडे जुळवून तिनं चुलीशेजारी ओटा केला. आडतीवरच्या जुन्या बारदानाला लुगड्याचे काठ शिवून दाराला पडदा झाला. तेलाचे पत्र्याचे डबे घासून, चेपलेले ठोकून सरळ करून, तिनं सगळ्यांना एकसारखा हिरवा रंग दिला आणि फळकुटांच्या मांडणीवर ओळीनं लावले. भिंतींना चुना दिला, त्यात नीळ कालवली, म्हणजे पांढरा कसा थंडगार दिसतो. पाणी कुठलं, तर भांडी विसळलेलं आणि आंघोळीचं, मोरीखाली घमेलं ठेवून धरलेलं.

शेजारची साखराबाई रोज एक चक्कर मारायची. तोंडानं फटकळ, मनानं बरी. हिरवी मांडणी बघून ती म्हणाली, "कमलम्मा, सायबाच्या कचेरीसारकं दिसून राहिलं की गं. साखर मागायची तर अर्ज द्यावा लागंल का?"

"तिकीट लावून दे," कमलम्मा म्हणाली. पण मनातून ती लई खूश झाली.

हा सगळा खटाटोप एकट्या स्वतःसाठी नव्हता. रेवणसिद्धची आई गुरम्मा उदगीरकडच्या खेड्यात एकटी राहत होती. सत्तरीची बाई. गावची विहीर आटलेली, टँकर आला तर आला. शेजारची बाई दोन घागरी भरून देई तेव्हा म्हातारीची चूल पेटे. मुलगा-सून किती वेळा न्यायला गेले, पण तिचं एकच: "मी माझ्या घरात बरी हाय." शेवटी यंदा शिवरातीच्या यात्रेचं निमित्त काढून रेवणसिद्धनं तिला आणलं. यायच्या आधीच तिनं बजावलं होतं, "पाडव्यापर्यंत राहीन. जीव रमला तर बघू. न्हाई रमला तर मला माघारी सोडायचं, आन् परत न्यायला यायचं न्हाई."

म्हणजे हातात होता फाल्गुन महिना. तेवढ्यात म्हातारीचा जीव या घरात रमला पाहिजे. नाही रमला तर ऐन उन्हाळ्यात ती त्या कोरड्या गावात परत जाणार, आणि तिथं तिचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. कमलम्मानं मनाशी पक्कं केलं, की घर असं सजवायचं की अव्वाच्या तोंडून "इथंच राहते" निघालं पाहिजे. नवऱ्यासारखी तीही सासूला अव्वाच म्हणे.

गुरम्मा आली, दारातून मुलाचा हात धरून आत आली आणि पहिल्या खोलीत भिंतीला टेकून बसली ती बसलीच. कमलम्मानं मोठ्या हौसेनं विचारलं, "अव्वा, कसं दिसतंय घर?"

"दिसतंय की," म्हातारी म्हणाली.

एवढंच. ना पडद्याबद्दल शब्द, ना मांडणीबद्दल. कमलम्माचा चेहरा उतरला. पण ती हार मानणाऱ्यातली नव्हती. तिला वाटलं, अजून काहीतरी कमी पडतंय. मग तिनं मांडणी या भिंतीची त्या भिंतीला नेली. पाण्याची तिवई दारामागून काढून उजेडात ठेवली. चुलीच्या अंगाला गेरूचे पट्टे ओढले. चार दिवसांनी पुन्हा सगळं हलवलं. म्हातारी मात्र दिवसेंदिवस आक्रसत चालली. गावात सकाळी उठून अंगण झाडणारी, भाकऱ्या थापणारी बाई इथं बसल्या जागेवरून उठेना. उठली तर कशाला तरी ठेचकाळायची आणि चिडायची. "काय हे घर! जागचं काय जाग्यावर न्हाई!"

एकदा तर कहर झाला. टँकरच्या रांगेत उन्हात उभं राहून कमलम्मानं भरून आणलेली घागर, आणि नेमकी तीच म्हातारीच्या पायाला लागून कलंडली. पाणी अंगणातल्या काळ्या मातीत गेलं, भेगांनी ते कधी पिऊन टाकलं कळलंही नाही. कमलम्माचा तोल गेला.

"अवो, एवढी मोठी घागर मधी हाय, बघून चालता येत न्हाई का?"

म्हातारीनं लुगड्याचा भिजलेला काठ पिळला. मग म्हणाली, "रेवणला सांग, पाडव्याला मला लावून द्यायचं. ठरलं हाय ते."

कमलम्मानं त्या दिवशी स्वतःला खूप कोसलं. पाण्यापायी म्हातारीला तोडून बोलले, आता कसली राहते ती! तरी दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक फळी ठोकलीच. खोड म्हणतात ती ही.

होळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. गुरम्मा रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायची. पूजेचा तिचा हात इतका सवयीचा होता की बघत राहावं. विभूतीचा खडा स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात असे. तीन बोटं ओली करून त्यावर घासायची आणि कपाळावर ओढायची. कमलम्मा मागच्या बाजूला लाकडं फोडत होती. साखराबाई विरजण मागायला आली आणि दारातच थबकून जी हसायला लागली, ती तिला आवरेना.

"अगं बया! कमलम्मा, ये की हिकडं! तुझ्या सासूनं धुळवड खेळली बघ!"

कमलम्मा धावत आत आली. गुरम्मा ताठ बसली होती, तळहातावर लिंग, ओठांवर मंत्र. आणि तिच्या गोऱ्या, सुरकुतलेल्या कपाळावर, दोन्ही दंडांवर, गळ्याशी तीन-तीन ठळक, निळेशार पट्टे होते.

आदल्या दिवशी कोनाडा रंगवताना कमलम्मानं विभूतीचा खडा वरच्या नव्या फळीवर ठेवला होता आणि भिंतीसाठी आणलेला निळीचा खडा कोनाड्यात विसरला होता. हाताला दोन्ही सारखेच. पण कपाळाआधी माणूस बोटं बघतो. डोळे असलेला माणूस बघतो.

ठेचकाळणं, चिडणं, "दिसतंय की" म्हणून विषय मिटवणं, जागेवरून न हलणं, सगळं एका क्षणात कमलम्मापुढं उभं राहिलं. गावात म्हातारीला घराचा कोपरा न कोपरा पायानं पाठ होता, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. इथं ती रोज नव्या अंधारात उठत होती, कारण सुनेनं रोज घर हलवलं होतं.

"हसायला काय झालं?" म्हातारीनं मान न हलवता विचारलं.

"काय न्हाई अव्वा, ही साखराबाई येडी हाय," कमलम्मा म्हणाली आणि साखराबाईकडे असं बघितलं की ती बाई विरजण न घेताच घरी गेली. मग कमलम्मानं पदराचं टोक ओलं केलं. "लई घाम आलाय तुमाला. थांबा, पुसते. इभूती मी लावून देते, आज माझ्या हातानं." कपाळ पुसताना तिला रडू फुटत होतं. ओठ दाताखाली धरून तिनं एकेक पट्टा काढला.

दुपारी रेवणसिद्ध जेवायला आला तेव्हा तिनं त्याला लाकडांच्या ढिगाकडे नेऊन सगळं सांगितलं. तो एकदम म्हणाला, "उद्याच डॉक्टरला दाखवू."

"कसं दाखवणार? बखोट धरून? तिनं कुणाला सांगितलं न्हाई म्हंजी तिला सांगायचं न्हाई. तुमी तोंड उघडलं, तर ती पाडव्याचीबी वाट बघणार न्हाई."

"मग काय करायचं गं?"

"माझं मी बघते," कमलम्मा म्हणाली.

तो कामावर गेला, म्हातारीचा डोळा लागला, तेव्हा कमलम्मानं पदर डोळ्यांवर घट्ट बांधला आणि स्वतःच्याच घरात चालून पाहिलं. पडद्यात अडकली. नव्या फळीवर कपाळ आपटलं. मांडणीपाशी पोचली तर सगळे डबे हाताला एकसारखे. मीठ कुठलं आणि पीठ कुठलं, काही कळेना. भिंत हाताखाली गुळगुळीत, कुठून सुरू झाली आणि कुठं संपली याचा मागमूस नाही. महिनाभर राबून सजवलेलं घर तिच्या हातांना कुठंच सापडलं नाही. तिनं पदर सोडला. तिचं हिरवं, निळसर, नीटनेटकं स्वयंपाकघर समोर उभं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं हे देखणेपण आपल्याच हातानं मोडायचं तिच्या जिवावर आलं. खोटं कशाला सांगा, थोडा वेळ ती बसून राहिली. मग उठली आणि नवी फळी उपटून काढली.

चिंचेचा हंगाम होता. वसाहतीतल्या बायका आडतीवर चिंच फोडायला जात, कमलम्माही जाई. चिंचोक्यांचे तिथं ढीग पडत. तिनं आडत्याला विचारून पाटीभर चिंचोके आणले. घराभोवतीची काळी माती भिंतीला लावली की वाळून तडकते, हे तिला ठाऊक होतं. जुन्या गावात रस्ता रुंद करायला पडकी घरं पाडत होते. तिथली पांढरी माती टोपल्यानं वाहून आणली, शेण आणि भुसा घालून मळली. आणि भिंतींवर हाताच्या उंचीला मातीचा पट्टा लिंपून, ओला असतानाच त्यात चिंचोके दाबत गेली.

म्हातारीच्या अंथरुणापासून स्वयंपाकघराकडे एक ओळ. न्हाणीकडे जोडओळ. अंगणाच्या दाराशी ओळ वाकून खाली उतरायची, उंबरा आला म्हणून सांगायला. चुलीच्या अलीकडे हातभर चिंचोक्यांचं मोठं फूल, म्हणजे इथून पुढं जाळ. पाण्याची तिवई दारामागं मूळच्या जागी गेली आणि तिचे पाय तिनं मातीत पक्के केले. डब्यांच्या गळ्याशी खुणा बांधल्या: मिठाला सुतळी, पिठाला चिंध्यांची वेणी, डाळीला काचेचे मणी. हिरव्या ओळीची शोभा गेली ती गेलीच. कोनाड्यात विभूती, आणि विभूतीशिवाय दुसरं काही नाही.

"काय करून राहिलीस?" लिंपताना म्हातारीनं विचारलं.

"नक्षी काढून राहिले, अव्वा. मला हौस लई."

"हाव, ते तर हाय," म्हातारी म्हणाली.

पट्टा वाळला. एका सकाळी गुरम्मा उठली आणि आधारासाठी भिंतीवर हात टेकला. हात तिथंच थांबला. एका चिंचोक्यावरून बोट दुसऱ्यावर गेलं, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. कमलम्मा चुलीपाशी श्वास धरून बसली होती. मदतीला उठायचं नाही म्हणून तिनं स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरले होते. म्हातारी भिंतीभिंतीनं स्वयंपाकघराच्या दारात आली, थबकली, मागं फिरली आणि न्हाणीकडची जोडओळ धरून निघून गेली.

त्या दिवसापासून घरात आवाज वाढला. म्हातारी अंगणात जाऊन बसू लागली, पारोशा भांड्यांवरून सुनेला टोकू लागली, दाराशी आलेल्या साखराबाईशी भांडू लागली. सासूचं इतकं भांडखोर होणं कुठल्या सुनेला गोड वाटलं असेल? कमलम्माला ते गोड वाटलं. वसाहतीतल्या बायकांना भिंतीची नक्षी इतकी आवडली, की गल्लीभर चिंचोक्यांची साथ आली. साखराबाईनं तर दारावर मोर काढला. कुणी विचारलं तर कमलम्मा म्हणायची, "हौस." एकालाही तिनं खरं सांगितलं नाही.

तरी पाडव्याचा विषय म्हातारीनं काढला नाही, आणि काढायची कमलम्माची हिंमत होईना. आदल्या सकाळी शेवटी रेवणसिद्धनंच घसा खाकरला. "अव्वा, उद्याची उदगीरची यष्टी सकाळची हाय. काय करायचं?"

"तू कामावर जा," गुरम्मा म्हणाली. "बायकांचं आमी बघतो."

तो गेला. म्हातारी ओळीनं आत आली, फुलापाशी थांबली, तिथंच खाली बसली. "काठवट दे हिकडं. भाकरी आज मी थापते."

कमलम्मानं काठवट सरकवली आणि तव्याकडे बघत बसली. वेणी चाचपून म्हातारीनं पिठाचा डबा ओढला, पाण्याचा अंदाज घेतला, पीठ मळलं. भाकरी थापली तशी तिच्या खांद्यातली इतक्या दिवसांची ताठरता सुटली. तव्याची धग हाताच्या पंजाला लागेपर्यंत तिनं हात पुढं नेला, भाकरी अल्लद सोडली, पाणी फिरवलं. भाकरी टम्म फुगली. कमलम्माच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आता ते लपवायचं काही कारण नव्हतं, पुसायचं मात्र तिला सुचलं नाही.

"कमल, एक इचारू?"

"इचारा की, अव्वा."

"हे घर कुठल्या रंगाचं हाय गं?"

कमलम्माच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. महिनाभर जो एक शब्द ऐकायला ती झुरत होती, त्याहून हा प्रश्न मोठा होता.

"दोन सालं झाली, कायबी दिसत न्हाई मला," गुरम्मा म्हणाली. तोंड तव्याकडेच होतं. "कुणाला बोलले न्हाई. माझ्या आईचे डोळे गेले, तर भावानं तिला पडवीत बाजंवर बसवलं. वाईट न्हाई वागला. येळेवर ताट द्यायचा. पण उठायला लागली की म्हणायचा, 'तू बस, पडशील.' बसून बसूनच मेली ती. मला वाटलं, तुमालाबी कळलं की तुमी मला बसवणार." ती थोडी थांबली. "तू बसवलं न्हाईस."

"अव्वा, घागरीच्या दिवशी मी जे बोलले..."

"ते जाऊ दे. रंग सांग."

कमलम्मानं नाक ओढलं, सरकून सासूच्या अगदी जवळ बसली आणि घाईघाईनं सांगू लागली. भिंती पांढऱ्या, पण कशा पांढऱ्या, ताकावरच्या पाण्याची झाक असावी तशा. मांडणी हिरवी, कोवळ्या हरभऱ्याची. चुलीला गेरूचे पट्टे, पडद्याला जांभळा काठ, तुमच्याच जुन्या लुगड्याचा, आणि ओट्याची फरशी... तिचं सगळं एकातून एक निसटत चाललं, उद्याची यष्टी सुटायच्या आत सगळं घर दाखवून व्हायला हवं असं.

गुरम्मानं पिठाचा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"सावकाश सांग गं," ती म्हणाली. "मला आता कुठं जायचं हाय?"